सोनकांबळे सिस्टरांचा उजवा हात

रुजू झालो त्याच दिवशी औषधांच्या खोलीतल्या गंजलेल्या रॅकचा पत्रा माझ्या तळहातात घुसला. रेणापूर तालुक्यातल्या एका गावचं ते प्राथमिक आरोग्य केंद्र. मी तिथं औषधनिर्माता म्हणून आलो होतो. गावातले लोक मात्र शेवटपर्यंत मला कंपाउंडरच म्हणत राहिले. हात धुऊन ड्रेसिंगच्या खोलीत गेलो तर तिथं पांढऱ्या साडीतल्या, ठेंगण्या, सावळ्या, चाळिशी ओलांडलेल्या एक बाई धनुर्वाताचं इंजेक्शन भरत उभ्या होत्या. सुईची मला लहानपणापासून भीती. औषधं देणाऱ्या माणसानं हे कबूल करणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी हसत हसत म्हणालो, "काही कळणार नाही ना, सिस्टर?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "कळल की. दुखल. उद्या सकाळपर्यंत दंड जड राहील. परवा इसरून जाताव."

आणि सुई आत गेली. त्यांनी सांगितलं होतं तेवढंच दुखलं, आणि तिसऱ्या दिवशी मी विसरलोही.

या कौशल्या सोनकांबळे. केंद्रातल्या परिचारिका. त्यांच्या हाताखाली पाच गावं आणि दोन तांडे होते, आणि त्या सगळ्या पट्ट्यात 'सिस्टर' म्हटलं की त्याच. दर आठवड्याला ठरल्या दिवशी त्या लसीची निळी पेटी उजव्या खांद्याला अडकवून निघत. पेटीत बर्फाच्या पिशव्या, बगलेत रजिस्टर. एसटी मिळाली तर एसटी, वडापची जीप मिळाली तर जीप, नाहीतर सोयाबीनच्या बांधानं चालत. इतकी वर्षं पेटी वाहून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता आणि मान कायम थोडी डावीकडं झुकलेली असे. लांबून येणारी बाई सिस्टर आहे की नाही, ते आम्ही मानेवरून ओळखायचो.

लहान मुलांशीही त्या तसंच बोलत. आया सांगायच्या, "कायबी होत न्हाई सोन्या, मुंगी चावती बस." सिस्टर लगेच आईला थांबवत. "मुंगीपेक्षा जास्त लागतंय, बाई. कामून खोटं बोलताव? आज फसवलाव तर पुढच्या टायमाला त्यो हात देतंय का?" मग मुलाकडं वळून, "दुखल. तू रड, जोरात रड, मला काय वाटत न्हाई." मूल रडायचंच, पण पुढच्या वेळी तेच मूल येऊन गुपचूप बाही वर करायचं, हे मी कितीदा पाहिलंय.

त्यांचं दुसरं एक बोलणं म्हणजे, "हाताला इचारा." नवीन नर्सला शीर सापडली नाही, पोटातल्या बाळाचं डोकं वर आहे की खाली ते समजेना, की सिस्टर म्हणायच्या, "डोळे फाडून काय बगताव? हाताला इचारा की." स्वतः त्या गर्भवतीच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटायच्या. दोन-चार क्षण बोटं इकडून तिकडं सरकायची आणि त्या सांगायच्या, "हे बूड, ही पाठ. डोकं खाली आलंय. नीट हाय." नंतर लातूरला सोनोग्राफी झाली की तोच रिपोर्ट यायचा. आमचे वैद्यकीय अधिकारी बदलत राहिले, दर दोन वर्षांनी नवा तरुण डॉक्टर यायचा, आणि प्रत्येक जण महिन्याभरात अडल्या वेळी सिस्टरांच्या हाताकडं बघायला शिकायचा.

एकदा दुपारच्या चहाला त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला गावातल्या एका मोठ्या घरी त्यांना ओसरीच्या वर चढू देत नसत. बौद्ध वस्तीतली बाई म्हणून पाणीसुद्धा वरून ओतायचे. त्याच घरातली सून अडली, चिखलामुळं गाडी निघेना, तेव्हा त्यांना आतल्या खोलीपर्यंत बोलावलं. बाळंतपण नीट झालं. म्हातारीनं चांगल्या कपात चहा आणून पुढं ठेवला.

"घेतला?" मी विचारलं.

"न्हाई. म्हणलं, पुढच्या गावाला लस हाय, उशीर व्हायलाय." मग जरा हसून म्हणाल्या, "बाळाच्या डोक्याला जात नसती बगा भाऊ. आन माझ्या हातात तर ग्लोव्हज व्हते."

माझं घर चाकूरकडचं, शेतीवाडीचं, अशाच एका ओसरीचं. मी कपात बघत बसलो. त्यांच्या ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी बिस्किटाचा पुडा माझ्याकडं सरकवला आणि विषय बदलला.

कोरोनाच्या लसीच्या दिवसांत त्यांनी किती दंडांत सुया टोचल्या, याची गणती नाही. शाळेच्या वर्गात सकाळपासून रांग. मान खाली, हात वर, पुढचा माणूस. ते सगळं आटोपलं आणि काही महिन्यांनी त्यांची मान धरली. आधी खांद्याच्या फऱ्याजवळ ठणका, मग दंडातून खाली, कोपरातून मधल्या बोटापर्यंत. "कुणी करंट सोडल्यावानी व्हतंय," त्या म्हणायच्या. माझ्याकडच्या गोळ्या झाल्या, मानेचा पट्टा झाला, शेक झाला. बसल्या बसल्या त्या उजवा हात उचलून डोक्यावर ठेवू लागल्या, कारण तसा ठेवला की कळ थोडी कमी व्हायची. ओपीडीत बसलेल्या बायका हसायच्या, "सिस्टर, मास्तरनं शिक्षा केल्यावानी कामून बसलाव?"

"केलीच हाय शिक्षा," त्या म्हणायच्या, आणि हात तसाच ठेवून डाव्या हातानं पुढचा केसपेपर ओढायच्या.

शेवटी मीच त्यांना लातूरला नेलं. त्यांचे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, ते वारून बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी संघमित्रा नांदेडला शिक्षिका, आणि त्या वेळी तिच्या पदरात तान्हं बाळ. एमआरआय झाला. वेदनांवर इलाज करणाऱ्या एका डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावून दाखवली. मानेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकून हाताकडं जाणाऱ्या नसेवर बसली होती. ते म्हणाले, "नसेभोवती सूज आहे, तिथं स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ. सूज उतरली की कळ थांबेल. पण एक लक्षात ठेवा, गादी आहे तिथंच राहणार. आराम काही आठवडे टिकेल, काही महिने टिकेल, सांगता येत नाही. आणि हाताची ताकद कमी व्हायला लागली तर थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं. मग नस मोकळी करायला ऑपरेशन लागतं, आणि त्याला उशीर चालत नाही."

सिस्टरांनी मान हलवली. त्यांना साखरेचा त्रास होता, म्हणून इंजेक्शननंतर आठवडाभर साखर रोज तपासायची, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं.

आत नेताना त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, तेव्हा त्यांचा हात गार पडला होता. हजारोंना सुया टोचणारी ती बाई घाबरली होती. मी बाहेर बाकावर बसलो. अर्ध्या तासानं त्यांना बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "पालथं झोपवलं, मानंवर गार औषध फासलं. म्हणलं, डॉक्टर साहेब, दुखल का? ते म्हणले, अजिबात न्हाई." मग माझ्याकडं बघून, "मी तवाच वळखलं, हे साहेब खोटं बोलायलेत."

स्टेरॉइडमुळं दोन रात्री झोप आली नाही, चेहरा लाल झाला, साखर तीनशेच्या पुढं गेली. पाचव्या दिवशी सकाळी त्या केंद्रात आल्या तेव्हा पेटी डाव्या खांद्यावर होती आणि मान सरळ. "भाऊ, आज उठले आन हात कुठं हाय ते हुडकायची पाळी आली. दुखणंच न्हाई!" त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे दिले.

अडीच-तीन महिने बरे गेले. त्यानंतर कळ परत आली, आणि या वेळी तिच्याबरोबर दुसरंही काहीतरी आलं. ते आधी माझ्या लक्षात आलं. रक्तदाब मोजताना त्या रबरी फुगा दाबायला रुग्णाच्या नातेवाइकाला सांगू लागल्या. खुर्चीतून उठताना उजव्या हातानं रेटा द्यायच्या ऐवजी डाव्या बाजूला झुकून उठायच्या. एकदा माझ्यासमोर सलाईनची बाटली त्यांच्या हातातून सुटली. ती प्लास्टिकची, फुटली नाही. पण सिस्टर कितीतरी वेळ तिच्याकडं बघत राहिल्या.

मी विचारलं, "सिस्टर, ताकद कमी झालीय का?"

"रुक्मीणचं होऊ द्या," त्या म्हणाल्या.

रुक्मीण ही शेजारच्या गावातली एका शेतकऱ्याची सून. तिचं एक मूल पोटातच गेलं होतं, दुसरं लातूरच्या वाटेवर गाडीतच जन्मून गेलं. आता तिसऱ्या वेळी सातवा महिना होता. दवाखान्याचं नाव काढलं की ती थरथरायची. सिस्टरांनी तिला शब्द दिला होता की, लातूरच्या मोठ्या दवाखान्यात तुला मीच घेऊन जाईन, बाळ होईपर्यंत तुझ्या उशाशी राहीन. तेवढ्यावर ती तयार झाली होती.

"आता मी ऑपरेशनला झोपले तर दोन महिने उठायची न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "ती पोरगी घरीच बसल. घरीच बाळंत व्हईल. मग?"

"दुसरी नर्स जाईल की तिच्याबरोबर."

"तिला दुसरी नगं हाय, भाऊ. तिला मी पायजे." हे त्या अभिमानानं म्हणाल्या नाहीत. दमल्यासारख्या म्हणाल्या.

मग आम्ही पुन्हा लातूरला गेलो, दुसऱ्या इंजेक्शनसाठी. वडापमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. रेणापूर मागं पडल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर ताकदीचं इचारतील. तुमी काय बोलू नका."

डॉक्टरांनी विचारलंच. हात पुढं करा, ढकला, ओढा, बोटं पसरा. ढकलताना हात डगमगला. सिस्टर पटकन म्हणाल्या, "कळ येती साहेब, म्हून जोर लागत न्हाई. ताकद हाय." डॉक्टरांनी पुन्हा एकदा तपासलं. त्यांचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. ते माझ्याकडं वळले. "तुम्ही यांच्यासोबत काम करता ना? यांच्या हातातून वस्तू पडतात का?"

सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. आपला माणूस आहे, बोलणार नाही, अशी खात्री होती.

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. त्या एका शब्दाचं वजन तेव्हा मला कळलं नाही. उलट बाहेर आल्यावर आपण काहीतरी निष्ठेचं केलं असंच वाटलं. सिस्टरांना त्यांच्या मनासारखं वागू दिलं, बस.

दुसऱ्या इंजेक्शननं कळ पुन्हा गेली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी दाखवायला सांगितलं होतं, त्या गेल्या नाहीत. मी आठवण केली तर म्हणाल्या, "दुखत न्हाई की आता. कशाला जायचं?" दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं म्हणणाऱ्या कितीतरी बायकांना याच सिस्टरांनी माझ्यादेखत झापलं होतं. आता त्या स्वतः तेच म्हणत होत्या, आणि मी ऐकून घेत होतो. दुखणं थांबलं होतं. नस आतल्या आत दबतच होती.

रुक्मीणला लातूरला न्यायचा दिवस ठरला होता. त्याच्या दोन आठवडे आधी, भर दुपारी, तिच्या नवऱ्यानं तिला पिकअपमध्ये घालून केंद्रात आणलं. कळा लागून तास झाला होता. डॉक्टर तालुक्याच्या बैठकीला रेणापूरला गेलेले. मी अॅम्ब्युलन्सला फोन लावला. ती निघाली होती, पण बाळ तिच्यासाठी थांबणारं नव्हतं. सिस्टरांनी तपासलं आणि अश्विनी या तरुण नर्सला म्हणाल्या, "टायम न्हाई. इथंच करायचं."

मी दाराबाहेर होतो. आतून सिस्टरांचा आवाज येत होता. "दुखल, रुक्मीण. आता लई दुखल. मी हाय. जोर लाव." मग रुक्मीणचं ओरडणं, आणि मग अचानक अश्विनीचं, "सिस्टर!" त्यानंतर दोन क्षण काहीच आवाज नाही. मला वाटतं, माझ्या आयुष्यातले सगळ्यांत लांब दोन क्षण तेच. मग बाळ रडलं.

मुलगी होती, आणि धडधाकट होती. अॅम्ब्युलन्स आली, मायलेकी पुढच्या तपासणीला लातूरला गेल्या. अश्विनी त्यांच्यासोबत गेली. जाता जाता तिनं मला बाजूला घेतलं. "बाळ सिस्टरांच्या हातातनं निसटलं होतं. त्यांच्या मांडीवर आलं, त्यांनी डाव्या हातानं छातीशी धरलं, मी खालून हात घातला. नाहीतर..."

सिस्टर मागच्या दारी पायरीवर बसल्या होत्या. हात धुतलेले, पण पुसलेले नव्हते. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्या त्याच्याकडं बघत होत्या. मी शेजारी बसलो.

"हाताला कळलंच न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "बाळ सरकायलंय, ते माझ्या हाताला कळलंच न्हाई. डोळ्यानं दिसलं तवा कळलं."

मी म्हणालो, "बाळ चांगलं आहे, सिस्टर. काही झालं नाही."

"झालं न्हाई, ते अश्विनी व्हती म्हून." आणि मग त्या रडल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तोंडावर पदर नाही, आवाज नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर अर्ज ठेवला. त्यात लिहिलं होतं की माझ्या उजव्या हातातली ताकद आणि जाणीव कमी झालेली असल्यानं मला बाळंतपण आणि लसीकरणाच्या कामातून मोकळं करावं, काल घडलेल्या प्रसंगाची जबाबदारी माझी आहे. कुणी मागितलेला नसताना त्यांनी तो प्रसंग सविस्तर लिहिला होता. अक्षर वेडंवाकडं होतं. डॉक्टर तरुण होता. तो वाचून उभा राहिला आणि खुर्ची सोडून बाहेर निघून गेला.

त्याच आठवड्यात लातूरला ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, नस मोकळी झाली आहे, कळ परत यायची नाही. ताकद किती येईल ते आता नसेच्या हातात आहे, लवकर आला असतात तर मी जास्त खात्रीनं बोललो असतो. सिस्टरांनी हे ऐकून घेतलं. वर्षभर त्या मऊ चेंडू दाबत राहिल्या, भिंतीवर बोटं चढवत राहिल्या. केंद्रात त्यांना रजिस्टरचं काम दिलं होतं, पण पेन धरून दोन ओळी लिहिल्या की बोटं सैल पडायची. टोचून घ्यायला आलेली मुलं त्यांना शोधत त्यांच्या टेबलापाशी यायची, आणि त्या सांगायच्या, "आता त्या ताई देतेत. त्यांना दंड दाखव." निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली आणि त्या नांदेडला मुलीकडं गेल्या.

निरोपाच्या दिवशी पाचही गावांतून बायका आल्या होत्या. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. सिस्टरांना बोलायला सांगितलं तर त्या उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "लसीची तारीख चुकवू नका." आणि खाली बसल्या.

पुढं माझीही बदली नांदेडला झाली. संघमित्राचं घर तरोड्याकडं, माझी खोली स्टेशनच्या बाजूला. महिन्यातून एखाद्या रविवारी मी ऑटोनं त्यांच्याकडं जात असे. त्या डाव्या हातानं जेवायला शिकल्या होत्या, सही करायलाही. कधी संध्याकाळी आम्ही गोदावरीच्या घाटापर्यंत जायचो. त्या पायरीवर बसून गुरुद्वाऱ्याकडून येणाऱ्या यात्रेकरूंकडं बघत राहायच्या, कडेवरचं एखादं मूल दिसलं की म्हणायच्या, "नऊ म्हयन्याचं हाय. गोवरची दिली आसंल का?" बोलणं असं साधंच चालायचं. त्या सावरल्या आहेत, असं मी धरून चाललो होतो. साखरेनं त्यांच्या किडन्या हळूहळू निकामी होत चालल्या होत्या, तेही त्या हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगायच्या.

थंडीत एका रविवारी मी गेलो तेव्हा त्या अंथरुणावरच होत्या. पाय सुजलेले. संघमित्रानं उकडलेल्या शेंगा आणून ठेवल्या. मी एकेक फोडून दाणे त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवत होतो. चार-पाच दाणे खाल्ल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, एक इचारू? राग न्हाई ना धरणार?"

"विचारा की."

"त्या दिवशी डॉक्टरनं तुमाला इचारलं, वस्तू पडत्यात का म्हून. तुमी न्हाई कामून म्हणलाव?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. "तुम्हीच सांगितलं होतं, सिस्टर. काही बोलू नका म्हणून."

"मी सांगणारच की. मी पेशंट व्हते. पेशंट कायबी सांगतंय. बायकांचं ऐकत बसले असते, तर निम्म्या बायका दवाखान्यात आल्याच नसत्या." त्या रागानं बोलत नव्हत्या. श्वास लागत होता, म्हणून थांबून थांबून बोलत होत्या. "चूक माझी हाय. ते मी कागदावर लिहून दिलंय. पर तुमी बोलला असताव, तर मी तुमाला चार शिव्या दिल्या असत्या, म्हयनाभर बोलले नसते. आन हात राहिला असता."

मी ती शेंग न फोडताच खाली ठेवली.

"तुमी मला लई मोठी मानलाव," त्या म्हणाल्या. "तिथंच घोटाळा झाला. जरा कमी मानायला पायजे व्हतं."

बाहेर संघमित्राची मुलगी बडबडगीत म्हणत होती. मग सिस्टरांनी डावा तळहात पुढं केला. "थांबलाव कामून? द्या की." मी पुन्हा शेंगा फोडू लागलो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या गेल्या. संघमित्राचा फोन सकाळी शाळेच्या वेळेला आला. मी पोहोचलो तेव्हा त्यांना पांढऱ्या साडीत निजवलं होतं आणि दोन्ही हात पोटावर ठेवले होते. दोन्ही हात सारखेच दिसत होते.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला रेणापूरकडून दोन जीप भरून माणसं आली. घरासमोर मांडव घातला होता. वंदना झाली, भंतेजी बोलले, मग एकेक जण उठून आठवणी सांगू लागला. कुणी त्यांच्या हातगुणाबद्दल, कुणी त्यांच्या फटकळपणाबद्दल. शेवटी कुणीतरी म्हणालं, जाधव भाऊंनी दोन शब्द बोलावेत, ते सिस्टरांच्या सगळ्यांत जवळचे. मी उठलो. सांगायचं दुसरंच ठरवून आलो होतो. पण उभा राहिल्यावर तोंडातून वेगळंच निघालं. लातूरच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला काय विचारलं, मला काय माहीत होतं आणि मी काय उत्तर दिलं, ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांचा हात वाचू शकला असता, असं म्हणालो. रेणापूरच्या बायकांतल्या एकीनं डोळ्याला पदर लावला. ती माझ्याकडं रागानं बघत होती की कसं, ते मला वर बघून तपासता आलं नाही. मी तसाच चपला घालून फाटकाकडं निघालो.

संघमित्रा मागून आली. तिनं माझ्या शर्टाची बाही धरली.

"मला माहीत होतं, काका," ती म्हणाली. "आईनं सांगितलं होतं."

मी तिच्याकडं बघितलंच नाही.

"तुमी येऊन गेलाव त्या रविवारी ती रात्री जेवली न्हाई. म्हणाली, जाधव भाऊला मी आज लई लागंल असं बोलले. बोलायला पाहिजे होतं म्हणून बोलले, पर ते मनाला लावून घेतील. एखाद्या दिवशी सगळ्यांच्या समोर सांगतील बघ. सांगू दे, अडवू नको." तिनं बाही सोडली नव्हती. "आन म्हणाली, त्यानंतर ते पळून जायला बघतील. जेवल्याबिगर जाऊ देऊ नको."

पंगत बसत होती. तिनं मला रेणापूरच्या माणसांच्या ओळीत बसवलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं जरा सरकून जागा केली आणि पाण्याचा तांब्या माझ्या बाजूला ठेवला. संघमित्रा स्वतः वाढायला आली. पहिली पोळी तिनं माझ्या ताटात ठेवली आणि मी घास घेईपर्यंत ती पुढं गेली नाही.